भागवत की सोहोनी? विकिपीडियावर स्त्री-शास्त्रज्ञांचे पान कसे लिहावे आणि ते कसे टिकवावे

१९३९ साली 'नेचर' या नियतकालिकाच्या १४३व्या खंडात एक छोटा शोधनिबंध छापून आला. विषय होता सपुष्प वनस्पतींमधले सायटोक्रोम ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम). लेखक दोघे, आर. हिल आणि के. भागवत. यातले के. भागवत म्हणजे जीवरसायनशास्त्रज्ञ कमला भागवत, दुर्गा भागवतांची बहीण. १९४७ साली लग्न झाल्यावर त्या कमला सोहोनी झाल्या आणि आपण त्यांना ओळखतो ते याच नावाने. आता 'सोहोनी' हे आडनाव घालून कोणी त्यांचे केंब्रिजमधले काम शोधायला बसले, तर तासभर शोधूनही हाती फारसे काही लागणार नाही. त्यांनी काम केले, ते छापलेही गेले, पण दुसऱ्या नावाखाली.

विकिपीडियावर स्त्री-शास्त्रज्ञांची पाने कमी का, याचे उत्तर बऱ्याच अंशी या एका उदाहरणात आहे. पान लिहायला कोणी बसत नाही, हे एक कारण झालेच. पण बसणाऱ्याला स्रोत सापडत नाहीत, आणि सापडलेले स्रोत पान टिकवायला पुरत नाहीत, हे त्याहून मोठे कारण आहे. म्हणून या कामात टंकलेखनाला वेळ लागतो थोडा आणि शोधाशोधीला फार. पहिले पान लिहिणाऱ्याने सहा ते आठ तास हाताशी ठेवावेत आणि त्यातले निम्म्याहून अधिक स्रोत गोळा करण्यात जातील हे धरून चालावे.

२०१४ च्या अखेरीस इंग्रजी विकिपीडियावरच्या सगळ्या चरित्रांपैकी स्त्रियांची चरित्रे साधारण १५.५ टक्के होती. जुलै २०१५ मध्ये 'विमेन इन रेड' हा स्वयंसेवी प्रकल्प सुरू झाला. विकिपीडियावर ज्या विषयाचे पान अजून तयार झालेले नाही त्याचा दुवा लाल दिसतो आणि पान तयार झाले की निळा होतो, त्यावरून हे नाव पडले. आज ते प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास आहे. दहा वर्षांत जगभरच्या हजारो हातांनी मिळून साडेचार टक्क्यांची वाढ. कमी वाटेल, पण या काळात पुरुषांची चरित्रेही वाढतच होती, आणि एकूण संख्या लाखांत आहे.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे. इथे राबणारे हात थोडे, त्यामुळे एका माणसाने नीट लिहिलेल्या दहा पानांनाही इथे मोल आहे.

पान कोणाचे होऊ शकते?

विकिपीडियाचा परवलीचा शब्द आहे उल्लेखनीयता. हा शब्द चुकीचा समजल्यामुळे निम्मी भांडणे होतात. एखादी बाई किती मोठी, किती हुशार, तिने किती सोसले, याचे ते मोजमाप नाही. इतरांनी तिच्याबद्दल लिहून ठेवले आहे का, एवढेच त्यात पाहिले जाते. ते लेखन सविस्तर हवे, भरवशाच्या ठिकाणी छापलेले हवे, आणि तिच्याशी किंवा तिच्या संस्थेशी हितसंबंध नसलेल्या माणसाने केलेले हवे. असे निदान तीन स्रोत हाताशी आल्याशिवाय पान सुरू करू नये. हा आकडा नियमात लिहिलेला नाही, पण व्यवहारात तो चांगला उपयोगी पडतो.

काय चालत नाही, ते आधी बघू. ती जिथे शिकवते त्या महाविद्यालयाच्या संकेतस्थळावरची ओळख स्वतंत्र नव्हे. तिने स्वतः लिहिलेला शोधनिबंध हा तिच्या कामाचा पुरावा आहे, तिच्याविषयीचे लेखन नव्हे. तिची मुलाखत अर्धीमुर्धी चालते: प्रस्तावनेत पत्रकाराने स्वतः लिहिलेला भाग धरला जातो, तिची उत्तरे धरली जात नाहीत. सत्कार समारंभाची चार ओळींची बातमी 'सविस्तर' या कसोटीवर पडते. लिंक्डइन, फेसबुक, स्मरणिका, पुस्तकाच्या मलपृष्ठावरचा परिचय हे सगळे बाजूला.

शास्त्रज्ञांसाठी मात्र इंग्रजी विकिपीडियावर एक वेगळी वाट आहे आणि ती बऱ्याच नवशिक्यांना ठाऊकच नसते. प्राध्यापक-संशोधकांसाठी तिथे आठ निकष दिलेले आहेत. त्यांतला एक जरी पुरा झाला तरी पुरतो. मोठ्या राष्ट्रीय अकादमीवर फेलो म्हणून निवड, राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय पातळीवरचा मानाचा पुरस्कार, विद्यापीठाचे कुलगुरुपद, त्या विषयातल्या प्रमुख नियतकालिकाचे मुख्य संपादकपद, किंवा इतरांच्या संशोधनात कामाचा भरपूर दाखला दिलेला असणे, अशा स्वरूपाचे हे निकष आहेत. भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीची फेलो असलेल्या बाईंवर वर्तमानपत्रात एकही लेख आला नसला, तरी त्यांचे पान या निकषावर उभे राहू शकते. शेवटच्या निकषात एक मेख आहे. दाखल्यांची संख्या विषयागणिक बदलते. जैवतंत्रज्ञानात हजार दाखले सहज जमतात, शुद्ध गणितात किंवा वनस्पतींच्या वर्गीकरणात शंभरही पुष्कळ. तेव्हा आकडा देताना त्याच विषयातल्या इतरांशी तुलना करून द्यावा.

निकष हाताशी असूनही चूक कशी होते, हे डोना स्ट्रिकलंड यांच्या बाबतीत साऱ्या जगाने पाहिले. कॅनडाच्या वॉटर्लू विद्यापीठातल्या या लेझरतज्ज्ञ. मे २०१८ मध्ये त्यांच्या पानाचा मसुदा, 'दिलेल्या संदर्भांवरून उल्लेखनीयता दिसत नाही' असा शेरा मारून परत पाठवला गेला. २ ऑक्टोबर २०१८ रोजी त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल जाहीर झाले. मेरी क्यूरी (१९०३) आणि मारिया गोपर्ट-मायर (१९६३) यांच्यानंतरच्या या तिसऱ्याच. ज्यांच्यासोबत त्यांना हा सन्मान विभागून मिळाला त्या जेरार मुरू यांचे पान कित्येक वर्षे आधीपासून होते. मसुदा तपासणाऱ्याने सर्वसाधारण कसोटी लावली आणि त्या कसोटीवर शेरा समजण्यासारखा होता, कारण मसुद्यातले संदर्भ त्यांच्याशी संबंधित संस्थांचेच होते. पण स्ट्रिकलंड २०१३ साली अमेरिकेच्या ऑप्टिकल सोसायटीच्या अध्यक्ष होत्या. शास्त्रज्ञांच्या निकषांवर एवढी एक गोष्ट पुरली असती. म्हणून मसुदा लिहिताना आपण कोणत्या निकषाच्या बळावर उभे आहोत, ते पहिल्या परिच्छेदातच दिसले पाहिजे आणि चर्चापानावर (प्रत्येक पानाला जोडलेल्या, संपादकांच्या आपसातल्या चर्चेच्या पानावर) एका ओळीत स्पष्ट लिहूनही ठेवावे. तपासणारा स्वयंसेवक एका बैठकीत वीस-पंचवीस मसुदे बघत असतो. तो शोधत बसणार नाही.

स्रोतांची शोधाशोध

सुरुवात नावापासून करायची. एका कागदावर त्या व्यक्तीच्या नावाची सगळी रूपे लिहून काढा. मराठी बाईंच्या बाबतीत ही यादी पुरुषापेक्षा हमखास लांब होते, कारण आपल्याकडे लग्नानंतर आडनाव बदलते, मधले नाव वडिलांचे जाऊन नवऱ्याचे येते आणि काही घरांत पहिले नावही बदलते. कमला सोहोनींसाठी यादी अशी होईल: कमला भागवत, के. भागवत, कमला सोहोनी, के. सोहोनी, सोहनी. रोमन लिपीत पुन्हा वेगळे फाटे फुटतात. 'भागवत' मधल्या 'व' साठी कोणी एक अक्षर वापरते, कोणी दुसरे. 'सोहोनी'च्या शेवटी एक अक्षर जास्त लागते किंवा लागत नाही. प्रत्येक रूप अवतरणचिन्हांत घालून वेगवेगळे शोधायचे आणि जोडीला संस्थेचे किंवा विषयाचे नाव द्यायचे.

मग साल बघायचे. लग्नाचे साल कळले की त्याच्या आधीचे काम माहेरच्या नावाने आणि नंतरचे सासरच्या नावाने शोधता येते. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत हे सांगणारा एक तरी स्रोत मिळवावाच लागतो. नाहीतर दुसरा संपादक 'या दोन वेगळ्या व्यक्ती दिसतात' म्हणून तुमचा परिच्छेद काढून टाकेल, आणि त्याचे चुकले असे म्हणता येणार नाही.

भारतीय शास्त्रज्ञांसाठी पुढची ठिकाणे पहिल्यांदा चाळावीत. दिवंगत फेलोंवर राष्ट्रीय विज्ञान अकादमी चरित्रात्मक लेख प्रसिद्ध करते. ते सविस्तर असतात आणि त्यात संशोधनाची यादीही मिळते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान अकादमीची 'करंट सायन्स' आणि 'रेझोनन्स' ही नियतकालिके जालावर मोफत वाचता येतात आणि त्यांत मृत्युलेख, चरित्रलेख येतात. याच अकादमीने २००८ साली 'लीलावतीज डॉटर्स' हा भारतीय स्त्री-शास्त्रज्ञांवरच्या लेखांचा संग्रह काढला. पुण्यात जन्मलेल्या भौतिकशास्त्रज्ञ रोहिणी गोडबोले त्याच्या संपादकांपैकी एक होत्या. हा संग्रह फार मोलाचा आहे, पण वापरताना एक भेद पाळावा. त्यातले हयात शास्त्रज्ञांचे बरेच लेख त्यांनी स्वतःच लिहिलेले आहेत. जन्मगाव, शिक्षण, कुठे काम केले, अशा साध्या तथ्यांसाठी ते चालतील, पण उल्लेखनीयता सिद्ध करायला ते स्वतंत्र स्रोत म्हणून मोजले जात नाहीत. दिवंगतांवर दुसऱ्या कोणी लिहिलेले लेख मात्र मोजले जातात.

छापील मराठी मजकुराला अनेक जण उगीच बिचकतात. विकिपीडियाला जालावरचाच दुवा हवा, हा गैरसमज आहे. वर्तमानपत्राचे नाव, आवृत्ती, तारीख, पान क्रमांक, लेखाचे शीर्षक आणि लेखकाचे नाव दिले की १९६० सालचे कात्रणही पूर्ण वैध संदर्भ ठरते. पुस्तक असेल तर प्रकाशक, वर्ष आणि नेमके पान. पान क्रमांक न देता नुसते पुस्तकाचे नाव टाकणे ही सगळ्यात जास्त आढळणारी उणीव आहे, आणि ती दुसऱ्याला भरून काढता येत नाही, कारण पुस्तक तुमच्या हातात होते. ग्रंथालयात बसलात की पान क्रमांक लगेच टिपा. घरी आल्यावर तो आठवत नाही.

जालावरचा दुवा असेल तर तो त्याच दिवशी इंटरनेट आर्काइव्हच्या 'वेबॅक मशीन'मध्ये जतन करून ठेवावा आणि संदर्भात मूळ पत्त्याबरोबर जतन केलेला पत्ताही द्यावा. मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे रचना बदलतात तेव्हा जुने दुवे एका रात्रीत मरतात.

आणखी एक धोका आहे. १८ जून २०२३ रोजी गूगलने कमला सोहोनींवर डूडल केले. अशा दिवशी घाईघाईने लिहिलेल्या बातम्यांचा मोठा भाग विकिपीडियावरूनच उचललेला असतो. मग तीच बातमी विकिपीडियाच्या पानाला संदर्भ म्हणून जोडली, की चूक स्वतःच स्वतःची साक्षीदार होते. ओळखायची खूण सोपी: बातमीतले वाक्य विकिपीडियावर आधीपासून होते का, ते पानाच्या 'इतिहास' या भागात तारीख बघून ताडून घ्यावे. सोहोनींचे जन्मसाल काही ठिकाणी १९११ तर काही ठिकाणी १९१२ दिलेले आढळते. असे दिसले की स्वतः न्यायाधीश व्हायचे नाही. जुना, मूळ कागदपत्रांच्या जवळचा स्रोत घेऊन एक साल द्यायचे आणि दुसरे साल तळटीपेत, त्याच्या संदर्भासह.

'पहिली भारतीय महिला' हे शब्द लिहिण्याआधी

या विषयात सर्वाधिक चुका इथे होतात, म्हणून जरा थांबून बघू. कमला सोहोनींना १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. मिळाली. 'विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय महिला' असे त्यांच्याविषयी सर्रास लिहिले जाते. पण वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माळ यांना अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाने १९३१ सालीच डॉक्टरेट दिली होती. इरावती कर्वे तर त्याच सुमारास बर्लिनमध्ये मानवी कवटीच्या असमतोलावर प्रबंध लिहून डॉक्टरेट घेऊन परतल्या होत्या. मानवशास्त्राला विज्ञान म्हणायचे की नाही यावर मग वाद घालता येईल, पण कवट्यांची मोजमापे घेऊन केलेला तो अभ्यास शारीर मानवशास्त्रातला होता. आणि रसायनशास्त्रज्ञ असीमा चटर्जी यांना कलकत्ता विद्यापीठाने १९४४ साली डी.एस्सी. दिली. त्यांच्या पानांवरही 'पहिल्या' हा शब्द असतोच, फक्त तिथे 'भारतीय विद्यापीठातून डी.एस्सी. मिळवणाऱ्या' अशी अट जोडलेली असते.

चौघींपैकी कोणाचीच थोरवी यात कमी होत नाही. पण वाक्य असे लिहायला हवे की ते उद्या कोणी खोडून काढू नये. पदवी कोणती, विद्यापीठ कोणते, साल कोणते, हे तिन्ही द्यावे. 'पहिली' म्हणायचेच असेल तर ते कोणत्या स्रोताने म्हटले आहे, ते वाक्यातच सांगावे. 'अमुक यांच्या मते' हे तीन शब्द लिहायला लागतात, पण पान वाचते. दोन पानांवर एकमेकांना छेद देणारे दोन 'पहिल्या' दिसले, तर वाचकाचा विश्वास दोन्हींवरून उडतो.

सी. व्ही. रामन यांनी सोहोनींना बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत, ती मुलगी आहे म्हणून प्रवेश नाकारला आणि नंतर अटी घालून दिला, ही हकीकतही अशीच जपून लिहायची. ती त्यांनी स्वतः सांगितलेली आहे, त्यामुळे 'सोहोनी यांच्या सांगण्यानुसार' असे लिहावे. त्याने हकीकत फिकी पडत नाही, उलट ती कोणाच्या तोंडची आहे हे कळते. मात्र पानाचा अर्धा भाग या प्रसंगाने व्यापू नये. रामन यांच्या नकारावर तीन परिच्छेद आणि वनस्पतींच्या श्वसनातल्या सोहोनींच्या शोधावर एक ओळ, असे पान झाले तर ते रामन यांच्याविषयीचेच पान होऊन बसते.

प्रत्यक्ष लिहिताना

एक नमुना बघा. कार्यशाळांमधून येणारे पहिले वाक्य साधारण असे असते: 'डॉ. कमलाताई सोहोनी या भारतातील एक थोर, विख्यात व द्रष्ट्या शास्त्रज्ञ असून त्या असंख्य स्त्रियांचे प्रेरणास्थान ठरल्या.' यात एकही तपासता येण्यासारखी गोष्ट नाही. आता हे वाचा: 'कमला सोहोनी (माहेरचे नाव भागवत) या भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ होत्या. वनस्पतींच्या श्वसनातील सायटोक्रोमचे कार्य, तसेच नीरा आणि कडधान्ये यांचे पोषणमूल्य या विषयांवर त्यांनी संशोधन केले. १९३९ मध्ये केंब्रिज विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. प्रदान केली.' दुसऱ्या नमुन्यात विशेषण एकही नाही आणि तरी बाई किती मोठ्या होत्या ते कळते. थोर, ख्यातनाम, अग्रगण्य, मोलाचे योगदान हे शब्द दिसले की तपासणारा पान जाहिरातीच्या खात्यात टाकतो. ते काढून त्या जागी काम लिहा.

उल्लेख आदरार्थी बहुवचनात करावा, 'त्या', 'त्यांनी'. ते स्त्री-पुरुष दोघांनाही सारखेच लागू. एकाच पानावर नवरा 'ते' आणि बायको 'ती' असे कित्येक ठिकाणी झालेले आहे, दिसेल तिथे दुरुस्त करावे. पुढच्या परिच्छेदांत नुसत्या पहिल्या नावाने 'कमलाने' असे लिहू नये. पुरुष शास्त्रज्ञांविषयी आपण तसे लिहीत नाही. 'सोहोनी यांनी' लिहावे. लग्नाआधीच्या काळाविषयी लिहिताना 'भागवत' लिहायचे की 'सोहोनी', हा प्रश्न येतोच. पहिल्या उल्लेखात दोन्ही देऊन पुढे एकच नाव ठेवणे बरे. पानाच्या शीर्षकात डॉ., श्रीमती, ताई, बाई काहीही नको. बाकीच्या सगळ्या रूपांसाठी पुनर्निर्देशने तयार करावीत, म्हणजे 'कमला भागवत' असे शोधणाराही त्याच पानावर पोचेल. एक पुनर्निर्देशन करायला मिनिट लागते आणि हे काम जवळजवळ सगळे विसरतात.

संसार, मुले, स्वयंपाक यांना किती जागा द्यावी? मार्च २०१३ मध्ये अमेरिकेतल्या रॉकेट-शास्त्रज्ञ इव्होन ब्रिल वारल्या. उपग्रह कक्षेत स्थिर ठेवणारी प्रणोदन यंत्रणा ही त्यांची कामगिरी. न्यूयॉर्क टाइम्सने मृत्युलेखाची सुरुवात केली ती त्या गोमांसाचा एक पदार्थ किती फर्मास करायच्या इथून. टीका झाल्यावर ते वाक्य बदलले गेले. त्याच महिन्यात अशा लेखनासाठी एक चाचणी पुढे आली. विज्ञानपत्रकार अ‍ॅन फिंकबाइनर यांच्या नावाने ती ओळखली जाते. नवऱ्याचा व्यवसाय, मुले कोण सांभाळत होते, 'स्त्री असूनही', 'इतर मुलींसाठी आदर्श' असले उल्लेख टाळून चरित्र लिहिता येते का, असे ती विचारते. आपल्याला ती जशीच्या तशी लावता येणार नाही. नवऱ्याची बदली झाली म्हणून नोकरी सोडली, आणि त्यामुळे संशोधनाची दिशाच बदलली, असे असेल तर ते चरित्रात यायलाच हवे. साधी कसोटी अशी: हेच वाक्य पुरुष शास्त्रज्ञाच्या पानावर आपण लिहिले असते का?

हयात व्यक्तीचे पान असेल तर नियम कडक आहेत. संदर्भ नसलेला वादग्रस्त मजकूर कोणीही तिथल्या तिथे काढू शकतो. पूर्ण जन्मतारीख, घरचा पत्ता, मुलांची नावे घालू नयेत. जात तर व्यक्तीने स्वतः जाहीरपणे सांगितली असेल आणि तिच्या कामाशी तिचा संबंध असेल तरच.

मजकूर चढवताना काय अडते

खाते स्वतःच्या किंवा टोपण नावाने काढावे. महाविद्यालयाच्या किंवा मंडळाच्या नावाचे खाते इंग्रजी विकिपीडियावर बंद केले जाते, कारण एक खाते म्हणजे एक माणूस. इंग्रजीत नवे पान थेट प्रसिद्ध करायला खाते चार दिवसांचे आणि दहा संपादने झालेले असावे लागते. म्हणून पहिल्या दिवशी नवे पान काढण्याच्या फंदात न पडता जुन्या पानांवर शुद्धलेखन, तुटलेले दुवे, राहिलेले संदर्भ अशी दहा-पंधरा कामे करावीत. हातही बसतो. नवा मजकूर आधी स्वतःच्या धूळपाटीवर (खात्याला जोडलेल्या सरावाच्या पानावर) लिहावा आणि तीनशे-चारशे शब्द व आठ-दहा संदर्भ जमल्यावर मुख्य नामविश्वात, म्हणजे वाचकांसाठीच्या लेखांत, हलवावा. संदर्भांशिवाय दोन ओळींचे पान 'नंतर वाढवू' म्हणून टाकले, की ते वाढण्याआधीच काढले जाते.

संदर्भ घालण्यासाठी संकेतलिपी यायला हवी असे नाही. दृश्य संपादकात वाक्याच्या शेवटी कर्सर ठेवून संदर्भाचे बटण दाबायचे आणि शोधनिबंधाचा डीओआय क्रमांक, पुस्तकाचा आयएसबीएन किंवा पानाचा पत्ता चिकटवायचा. बरेचदा बाकीचे तपशील आपोआप भरले जातात. मराठी वृत्तपत्रांच्या बाबतीत ते चुकीचे भरले जातात, लेखकाच्या जागी संकेतस्थळाचे नाव येते, तारीख गळते. तेवढे हाताने दुरुस्त करावे.

इंग्रजीतून भाषांतर करायला परवानगी आहे, कारण मजकूर मुक्त परवान्याखाली असतो. पण मूळ पानाचे श्रेय संपादन-सारांशात (बदल जतन करताना लिहायच्या एका ओळीच्या नोंदीत) द्यावेच लागते. भाषांतराच्या साधनात यंत्राने दिलेला मजकूर न बदलता पुढे ढकलला तर ते साधन इशारा देते आणि प्रसंगी प्रसिद्धच करू देत नाही. ते योग्यच आहे. यंत्राला 'फेलो' म्हणजे अकादमीची सदस्य की शिष्यवृत्तीधारक, हे कळत नाही. आणखी एक: इंग्रजी पानावरचे संदर्भ न वाचता मराठीत उतरवू नयेत. जो स्रोत तुम्ही उघडून पाहिलेला नाही, त्याची हमी तुम्हाला देता येत नाही. संस्थेच्या संकेतस्थळावरून परिच्छेद उचलून चिकटवणे हा तर सरळ स्वामित्वहक्काचा भंग. स्ट्रिकलंड यांचे २०१४ साली तयार झालेले पान याच कारणाने काढले गेले होते.

आठ मार्चला किंवा ऑक्टोबरातल्या दुसऱ्या मंगळवारी येणाऱ्या एडा लव्हलेस दिनाला संपादन-कार्यशाळा घेणार असाल, तर एक गोष्ट आधीच सांभाळा. एका आयपी पत्त्यावरून चोवीस तासांत सहाच खाती काढता येतात. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तीस मुली एकाच जोडणीवर बसल्या की सातवीपासून सगळ्या अडकतात. खाती आदल्या दिवशी घरून काढून यायला सांगावे, किंवा ही मर्यादा उठवण्याची विनंती आठवडाभर आधी करावी. आणि तीस जणींकडून तीस नवी पाने काढून घेण्याचा मोह आवरावा. चार-चार जणींनी मिळून एक पान, त्यातली एक फक्त संदर्भ तपासणारी, अशी वाटणी केली तर सात-आठ पाने होतात आणि ती वर्षभराने तिथेच असतात.

छायाचित्र हा हमखास अडखळण्याचा मुद्दा. गूगलवर मिळालेले छायाचित्र वापरता येत नाही. कुटुंबाने अल्बममधले दिले तरी हक्क छायाचित्रात दिसणाऱ्या बाईंचा नसतो, साधारणपणे ते काढणाऱ्याचा असतो. स्टुडिओत काढलेले असेल तर प्रकरण आणखी गुंतते. भारतीय कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीपासून छायाचित्राचा हक्क ते काढणाऱ्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो (त्याआधी ही मुदत प्रसिद्धीनंतर साठ वर्षे होती), आणि विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या मुक्त चित्रसंग्रहावर, चढवायचे तर ते अमेरिकेच्या कायद्यानेही मुक्त असावे लागते. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे हयात शास्त्रज्ञ व्याख्यानाला आल्या असता त्यांच्या परवानगीने स्वतः छायाचित्र काढणे आणि स्वतःच मुक्त परवान्याखाली चढवणे. छायाचित्राअभावी पान अडवून ठेवू नये.

पान काढण्याचा साचा लागला तर

२०१७ ते २०२० या काळातल्या इंग्रजी विकिपीडियावरच्या नोंदी तपासून समाजशास्त्रज्ञ फ्रान्सिस्का ट्रिपोडी यांनी दाखवून दिले, की निकषांत बसणारी स्त्रियांची चरित्रेही पुरुषांच्या चरित्रांपेक्षा जास्त प्रमाणात 'उल्लेखनीय नाही' म्हणून काढण्यासाठी सुचवली जातात. तेव्हा असा साचा, म्हणजे पान काढावे असे सुचवणारी पानाच्या माथ्यावरची पाटी, लागला म्हणजे आपले लेखन वाईटच होते, असे मानू नये. पण तो साचा स्वतः काढूही नये. इंग्रजीत चर्चा साधारण सात दिवस चालते. त्या सात दिवसांत भांडण्यापेक्षा नवे स्रोत शोधून पानावर घालावेत आणि चर्चेत त्यांची नावे, तारखा, पान क्रमांक मांडावेत. 'ही बाई थोर आहे' हा युक्तिवाद तिथे मोजला जात नाही, 'हा तीन पानी लेख अमुक नियतकालिकात आहे' हा मोजला जातो. मैत्रिणींना बोलावून 'ठेवा, ठेवा' असे दहा प्रतिसाद टाकायला लावले तर उलटाच परिणाम होतो. तिथे मतदान नसते, आणि नव्या खात्यांची अशी रीघ लागली की ती बनावट ठरवून बंदही केली जातात.

चर्चेत पान गेले तरी मसुदा मागून घेऊन जपता येतो. अमेरिकेच्या ओक रिज प्रयोगशाळेतल्या क्लॅरिस फेल्प्स टेनेसिन या ११७व्या मूलद्रव्याच्या शोधासाठी बर्केलियम शुद्ध करून देणाऱ्या गटात होत्या. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जेस वेड यांनी लिहिलेले त्यांचे पान फेब्रुवारी २०१९ मध्ये काढले गेले. वेड यांनी तोवर शेकडो स्त्री-शास्त्रज्ञांची पाने लिहिलेली होती, तरी हे झाले. दरम्यान फेल्प्स यांच्याविषयी आणखी लेखन प्रसिद्ध झाले आणि २०२० च्या सुरुवातीला पान परत आले. मराठी विकिपीडियावर प्रचालक (पाने काढण्याचे अधिकार असलेले संपादक) थोडे आहेत आणि चर्चा बरीचशी चर्चापानावर किंवा चावडीवर, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक चर्चेच्या पानावर, होते, त्यामुळे वेळेत लिहिलेले एक मुद्देसूद उत्तर अनेकदा पुरते.

पान झाल्यावर उरलेले काम

नवे पान तयार झाले की साधनांच्या यादीत 'येथे काय जोडले आहे' हे उघडून बघा. यादी रिकामी असेल तर तुमचे पान पोरके आहे. कोणत्याही दुसऱ्या पानावरून तिथे वाट येत नाही, आणि सोहोनींचे नाव आधीच ठाऊक असलेल्यालाच ते सापडेल. तेव्हा नीरा या पानावर तिच्या पोषणमूल्याच्या अभ्यासाचे एक ससंदर्भ वाक्य, भारतीय विज्ञान संस्थेच्या पानावर माजी विद्यार्थ्यांत नाव, मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या पानावर संचालकांत नाव, दुर्गा भागवतांच्या पानावर बहीण म्हणून दुवा, अशी चार-पाच दारे उघडावीत. वर्ग देताना 'भारतीय महिला शास्त्रज्ञ' एवढाच देऊन थांबू नये. 'भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ' हा वर्गही द्यावा, नाहीतर जीवरसायनशास्त्रज्ञांच्या यादीत फक्त पुरुष उरतात.

शेवटी विकिडेटा, म्हणजे विकिपीडियाला जोडलेला सुट्या तथ्यांचा मुक्त साठा. तिथे प्रत्येक व्यक्तीला एक क्रमांक असतो आणि लिंग, जन्मसाल, व्यवसाय, शिक्षणसंस्था, पुरस्कार हे सुटे-सुटे भरायचे असतात. मराठी लेबल आणि 'कमला भागवत' हे उपनाम तिथेच घालावे. लाल दुव्यांच्या याद्या याच माहितीवरून आपोआप तयार होतात. त्यामुळे पान लिहायला वेळ नसलेल्यानेही एखाद्या शास्त्रज्ञ बाईंची दहा तथ्ये विकिडेटावर संदर्भांसह भरली, तर त्यांचे नाव यादीत येते आणि लिहायला बसणाऱ्या दुसऱ्या कोणाला तरी दिसते. या कामाला अर्धा तास पुरतो.